रात्री पाठ झालेला शब्द सकाळी कुठे जातो?

धुळ्याला राहणारी माझी भाची परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेल्या वर्षापासून जर्मन भाषा शिकत आहे. महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, आणि तेव्हापासून आमच्या खानदेशातही जर्मनच्या शिकवणीला जाणारी मुलेमुली दिसू लागली आहेत. भाचीच्या वहीत तीन रकाने आहेत. डावीकडे जर्मन शब्द, मधे देवनागरीत त्याचा उच्चार आणि उजवीकडे मराठी अर्थ. रोज रात्री तीस शब्द ती ओठ हलवत दहा-दहा वेळा वाचत असे, आणि झोपताना ते सगळे आपल्याला येतात याची तिला खात्री असे. एका सकाळी मी वही मिटून दहा शब्द विचारले, तेव्हा तिला तीनच सांगता आले. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "मामा, काल रातले बठ्ठं याद व्हतं, आज काहीच नही."

मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलीला आपली बुद्धीच कमी आहे असे वाटू लागावे, याचे मला फार वाईट वाटले. तिच्या बुद्धीत काहीही उणे नाही. स्मरणशक्ती ज्या रीतीने काम करते तिच्या नेमक्या उलट रीतीने ती पाठ करत होती, आणि आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी तसेच करतात.

विसरण्याचे मोजमाप पहिल्यांदा पद्धतशीरपणे केले ते हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणींचा आधार मिळतो, म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि काही काळाने तीच माळ पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात ते मोजले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार वीस मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांवर आली, आणि एकतीस दिवसांनंतरही २१ टक्के उरली होती. अॅमस्टरडॅममधील दोन संशोधकांनी २०१५ साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हाही वक्ररेषा जवळजवळ तशीच निघाली. विस्मरणाची मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते आणि नंतर तिचा वेग मंदावतो, असे हे आकडे सांगतात. भाचीची सकाळ त्या घसरणीच्या तळाशी उजाडत होती.

एबिंगहाउसच्या दुसऱ्या एका निरीक्षणाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. बारा अक्षरगटांची माळ त्याने एका दिवशी एकाच बैठकीत ६८ वेळा म्हटली, तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा दिसला, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनीही मिळाला. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले, आणि बदलले होते ते फक्त वेळापत्रक. जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बागेत एकदाच मोकाट पाणी सोडले तर ते बरेचसे वाया जाते, आणि तेच पाणी ठिबकने रोज थोडे थोडे दिले तर मुळांच्या उपयोगी पडते, हे तो स्वतःच्या अनुभवाने जाणतो.

हे अंतर किती वाढवता येते याचा अंदाज हॅरी बाह्रिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या अभ्यासातून येतो. त्याने आपल्याच कुटुंबातील चौघांवर अनेक वर्षे परकीय भाषेतील शब्दांचा प्रयोग केला. दर चौदा दिवसांनी घेतलेल्या २६ उजळण्यांनी जेवढे शब्द टिकले, जवळजवळ तेवढेच दर छप्पन्न दिवसांनी घेतलेल्या केवळ १३ उजळण्यांनी टिकले. लांब अंतराने पाठ करताना शब्द अधिक वेळा अडले, सुरुवातीचे शिकणे संथ झाले, परंतु काही वर्षांनी तपासले तेव्हा कोणताही तोटा दिसला नाही.

अंतर ठेवणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या प्रत्येक वेळी आपण काय करतो, यावर उरलेले अर्धे अवलंबून असते, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक येथेच होते. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील चाळीस शब्द अर्थासह शिकवले. सगळे शब्द सर्वांना एकदा आले. त्यानंतर काहींनी आलेल्या शब्दांचीही पुन्हा पुन्हा स्वतः परीक्षा दिली, तर काहींनी एकदा आलेला शब्द परीक्षेतून काढून टाकला आणि तो नुसता वाचत राहिले. आठवड्यानंतर परीक्षा देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, तर परीक्षा सोडलेल्यांना जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास. त्याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, आपल्याला किती आठवेल असा अंदाज आधी विचारला असता सर्वच गटांनी साधारण निम्मे शब्द सांगितले होते. कोणती पद्धत आपल्याला उपयोगी पडली हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

शब्द आणि अर्थ दोन्ही डोळ्यांसमोर असतात तेव्हा ते ओळखीचे वाटतात, आणि ओळख म्हणजेच पाठ होणे अशी आपली समजूत होते. रुग्णाने जर्मनमध्ये "मानदुखी आहे" असे सांगितल्यावर मात्र वही समोर नसते. तेथे शब्द आतून वर ओढून काढावा लागतो, आणि तो ओढण्याचा सरावच स्मृतीची वाट पक्की करतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत दिवेलागणीला परवचा म्हटला जाई, तेव्हा हातात पुस्तक नसे. पावकी-निमकी अडली की क्षणभर थांबून आठवावी लागे, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. घोकंपट्टी म्हणून आपण ज्याला सरसकट नावे ठेवतो, त्यातील हा भाग विज्ञानाच्या कसोटीवर उतरणारा आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारी सोपी युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केली. आम्ही ती घरीच केली. बुटांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून पाच कप्पे केले. लग्नसराई नुकतीच आटोपली होती, त्यामुळे घरात पत्रिकांचा ढीग पडलेला होता; त्यांचा जाड कागद पत्त्यांएवढा कापला आणि कोऱ्या बाजूवर मराठी शब्द लिहिला. छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवून जर्मन शब्द आणि त्याचा उच्चार लिहिला. नवा शब्द पहिल्या कप्प्यात जातो आणि तो रोज विचारला जातो. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात सरकते, तो कप्पा तीन दिवसांनी उघडायचा. पुढचा आठवड्याने, त्यापुढचा पंधरवड्याने आणि शेवटचा महिन्याने. एकदा चूक झाली की चिठ्ठी कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात येते. येणाऱ्या शब्दांवर वेळ वाया जात नाही आणि अडणारे शब्द आपोआप वारंवार समोर येतात, हे या खोक्याचे सारे मर्म आहे. १९८७ साली पोलंडमध्ये तयार झालेली सुपरमेमो ही संगणक प्रणाली आणि २००६ पासून उपलब्ध असलेले अँकी हे अॅप हेच काम अधिक बारकाईने करतात.

विचारताना मराठी बाजू वर ठेवावी. जर्मन पाहून मराठी अर्थ सांगणे सोपे असते, परंतु बोलायचे असेल तर उलट दिशेचा सराव लागतो.

आता पहिल्या भेटीचा प्रश्न उरतो. जो शब्द कानाला पूर्ण परका आहे, तो मनात अडकवायला एखादी खुंटी लागते. रिचर्ड अॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५ साली १२० रशियन शब्दांवर प्रयोग केला. परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतील शब्द शोधायचा आणि त्याचे अर्थाशी जोडलेले एक चित्र मनात उभे करायचे, ही पद्धत वापरणाऱ्यांना ७२ टक्के, तर न वापरणाऱ्यांना ४६ टक्के शब्द आले. सहा आठवड्यांनी अचानक विचारले तेव्हा हे प्रमाण ४३ आणि २८ टक्के होते. जर्मनमध्ये डोक्याला 'कोप्फ' म्हणतात, आणि कोप डोक्यातच चढतो. मानेला आणि घशाला 'हाल्स' म्हणतात. मान आखडली की हाल होतात. पोट म्हणजे 'बाउख', त्याच्या जवळ आपली भूक आहे. उशीला 'किस्सन' म्हणतात, तेव्हा भाचीने शेजारचा किसन उशी कवटाळून ओट्यावर झोपला आहे असे चित्र मनात रंगवले, आणि तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही. चित्र स्वतः शोधलेले असावे. दुसऱ्याने दिलेले चित्र बहुधा तितके चिकटत नाही. आणि ही खुंटी फक्त सुरुवातीला उपयोगी आहे. कप्प्यांचा सराव नसेल तर असे शब्दही गळून पडतात.

मराठी माणसाकडे आणखी एक ठेवा आहे, ज्याकडे शिकवण्यांमध्ये लक्ष दिले जात नाही याची मला खंत वाटते. संस्कृत आणि जर्मन या भाषांचे मूळ एक असल्यामुळे काही शब्द खरोखरच सख्खे आहेत. नख म्हणजे 'नागेल', नाभी म्हणजे 'नाबेल', नासिका म्हणजे 'नाझे', दंत म्हणजे 'त्सान', आणि आजानुबाहू या शब्दातील जानू म्हणजे गुडघा तो 'क्नी'. परिचर्या शिकलेल्या मुलीला हे शब्द परके राहत नाहीत. मात्र सगळीच साम्ये खरी नसतात. आपण भेटवस्तूला 'गिफ्ट' म्हणतो, पण त्या शब्दाचा जर्मन अर्थ विष असा आहे, आणि रुग्णालयात काम करणाऱ्याने तो कधीही चुकू नये.

शरीराचे सर्व अवयव एकाच दिवशी पाठ करणे मात्र टाळावे. पाठ्यपुस्तके अवयव, रंग, भाज्या अशा एकजिनसी याद्या देतात. थॉमस टिंकहॅम यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत अशा सारख्या गटातील नवे शब्द एकत्र शिकताना अधिक आवर्तने लागली, कारण ते एकमेकांत मिसळतात. कोप्फ, उशी, दुखणे, रात्र हे शब्द एका प्रसंगातील म्हणून एकत्र शिकावेत. गुडघा आणि कोपर यांच्यात आठवड्याचे अंतर राहू द्यावे.

जर्मन नामाला 'डेअर', 'डी' किंवा 'डास' हे लिंगदर्शक लावावे लागते. तीन लिंगांची आपल्याला सवय आहे, पण लिंगे जुळतातच असे नाही. ते नाक जर्मनमध्ये स्त्रीलिंगी होते आणि तो गुडघा नपुंसकलिंगी. म्हणून चिठ्ठीवर नुसते 'नाझे' लिहू नये, 'डी नाझे' असेच लिहावे आणि तसेच म्हणावे.

जर्मनच्या बी-१ या मध्यम पातळीच्या परीक्षेची अधिकृत शब्दयादी सुमारे २,४०० शब्दांची आहे. रोज तीस नवे शब्द घेतले तर उजळणीचा बोजा दोनच आठवड्यांत असह्य होतो. पंधरा घेतले तर १६० दिवस लागतात आणि रोजचे काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. भाचीने पंधरा ठरवले. नवे शब्द ती झोपण्याआधी पाहते, कारण पाठ केल्यावर जागे राहण्यापेक्षा झोपल्यास कमी विसरले जाते, हे १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवले आणि नंतरच्या संशोधनानेही त्याला दुजोरा दिला.

परीक्षा घेण्याचे काम आता माझी बहीण करते. तिला जर्मनचे एक अक्षर येत नाही. भाकरी थापून झाली की ती हात पुसते, खोक्यातून चिठ्ठी काढून मराठी शब्द मोठ्याने वाचते आणि मुलीचे उत्तर मागच्या देवनागरी उच्चाराशी ताडून पाहते. परवा 'गुडघा' ही चिठ्ठी चौथ्या कप्प्यात होती. भाची बराच वेळ थांबली, छताकडे पाहिले, आणि बहिणीने ओठ हलवून मदत करायला सुरुवात केली तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवले. "सांगू नको, माय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने "डास क्नी" असे उत्तर आले. चिठ्ठी पाचव्या कप्प्यात गेली.