व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे दात घासायचे, हे कुठून आलं?

इंदूरला आपल्याकडे घरातलं कुणी आयसीयूत असलं की बाहेर बाकावर बसलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात, बीपी किती, ऑक्सिजन किती, किडनीचं काय. सरकारी एमवाय हॉस्पिटल असो नाहीतर प्रायव्हेट, तोंड साफ केलं का हे क्वचितच कुणी विचारतं. आणि मला मनापासून वाटतं की हे विचारायलाच पाहिजे, म्हणून हे सगळं लिहितोय.

1952 साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली होती. तिथे ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने पेशंटच्या गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि मेडिकलची पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने हवेची बॅग दाबून श्वास देत बसली. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून धरतात. नळीवर माणसं जगायला लागली खरी, पण मागोमाग नळीवरच्या पेशंटचा न्यूमोनियाही आला.

तेव्हा तोंडाची निगा म्हणजे पेशंटला जरा बरं वाटावं एवढंच. चिमट्यात गॉज धरून तोंड पुसायचं, ओठांना बोरोग्लिसरीन लावायचं, काही ठिकाणी लिंबू-ग्लिसरीनचे बोळे, ज्याने उलट तोंड अजून सुकतं.

मग 1969 मधे अमेरिकेतल्या डॅलसच्या जोहान्सन, पियर्स आणि सॅनफर्ड यांनी पेशंटच्या घशातले जंतू तपासले. आजार जितका गंभीर तितके घशात ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातले जंतू जास्त, निरोगी माणसात ते जवळजवळ नाहीतच. 1972 ला त्यांनीच पुढे दाखवलं की ज्यांच्या घशात हे जंतू बसतात त्यांनाच छातीचं इन्फेक्शन जास्त होतं. आणि 1992 मधे अमेरिकेतल्याच बफेलोच्या स्कॅनापिएको यांच्या टीमला आयसीयूतल्या पेशंटच्या दातांवरच्या थरात फुफ्फुसात इन्फेक्शन करणारे जंतू सापडले, म्हणजे दातच त्यांचं घर झालेलं.

हे होतं कसं बघा. आता नळी बहुतेक वेळा तोंडातूनच घालतात, त्यामुळे तोंड सतत उघडं, लाळ आटते, गिळणं बंद, औषधांनी शुद्ध नाही, जीभ पांढरी जाड होते आणि हिरड्यांच्या कडेने चिकट थर साचतो. नळीच्या टोकाला श्वासनलिकेत एक छोटा फुगा असतो, घशातली घाण त्याच्यावर तळ्यासारखी साठते आणि फुग्याच्या सुरकुत्यांमधून थेंब थेंब खाली फुफ्फुसात झिरपते.

घासणं कठीण, माउथवॉश सोपा, म्हणून सगळे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशकडे वळले. 1996 मधे हार्ट सर्जरीच्या 353 पेशंटवर अभ्यास झाला, इन्फेक्शन खूप कमी दिसलं, आणि 2010 ला अमेरिकेच्या आयएचआय या आरोग्यसेवा सुधारण्याचं काम करणाऱ्या संस्थेने व्हेंटिलेटरच्या नियमांच्या यादीतच ते घातलं. आपल्याकडेही मग बेडजवळ ती गुलाबी बाटली आली. पण हार्ट सर्जरीच्या पेशंटला ट्यूब थोडाच वेळ असते, बाकीच्यांचं तसं नसतं, हे फार जणांच्या लक्षात आलं नाही. 2014 मधे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर बाकीच्या पेशंटमधे स्पष्ट फायदा दिसेना, उलट मृत्यू वाढत असतील का अशी शंका आली. शेवटी 2022 ला अमेरिकेच्या इन्फेक्शन तज्ज्ञांच्या संघटनांनी सरळ लिहिलं, ब्रशने दात घासा, क्लोरहेक्सिडीन नको. पुढच्याच वर्षी 15 ट्रायल्सचा एकत्र हिशेब आला, त्यात ब्रश केलेल्यांना न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी, आणि दिवसातून दोनदा घासणं पुरेसं, तीनदा केल्याने जास्त फायदा नाही. साध्या ब्रशला इथवर यायला इतकी वर्षं लागली याचं मला खरंच वाईट वाटतं.

काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. डोक्याकडची बाजू उंच करायची, फुग्याचं प्रेशर बघायचं, एका सिस्टरने ट्यूब घट्ट धरायची, दुसरीने लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ घासायची आणि लगेच सक्शनने ओढून घ्यायचं. एकटी सिस्टर आणि बरेच बेड असले की पहिलं हेच राहून जातं, त्यात तिला दोष देणं बरोबर नाही, माणसं वाढवली पाहिजेत.

ट्यूब नसलेल्यांनाही हे लागू आहे. जपानच्या वृद्धाश्रमांमधे जेवणानंतर रोज दात घासून दिले तर न्यूमोनिया कमी झाला, हे 1999 ला लॅन्सेटमधे आलं होतं. इथे इंदूरला रामबागेत, लोकमान्य नगरात कितीतरी घरी आजी-आजोबा पॅरालिसिसने पलंगावर आहेत, त्यांना भरवून झालं की बसतं करून मऊ ब्रश फिरवा, गालात अडकलेला घास काढा, आणि कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवा.