साईज आणि साईज ऑन डिस्क: फोल्डरचं वजन वेगळं, त्यानं अडवलेली जागा वेगळी

मे महिन्याच्या शेवटी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "ताई, पेनड्राईव्हवर टाकल्यावर डेटा सहापट झालाय. व्हायरस शिरला काय वो? जरा येऊन बघता का?" आवाजात खरी काळजी होती. या दुकानात दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्या जुन्या पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या कागदांच्या स्कॅनचा, बॅकअप घेऊन पेनड्राईव्ह शेठच्या घरी, वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा पेठांमधल्या किती दुकानांतले संगणक पाण्याखाली गेले ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे इथं बॅकअप म्हटलं की कुणी ते हलक्यात घेत नाही.

मी गेले तेव्हा पडद्यावर प्रॉपर्टीजच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. डावीकडे संगणकावरचा 'पट्ट्या' नावाचा फोल्डर, उजवीकडे त्याचीच पेनड्राईव्हवरची प्रत. डावीकडे साईज ८१२ एमबी, साईज ऑन डिस्क ८९३ एमबी. उजवीकडे साईज तीच, ८१२ एमबी. पण साईज ऑन डिस्क ५.०३ जीबी. दिवाणजींचं बोट त्या शेवटच्या आकड्यावर होतं. दोन्हीकडे फायली ४१,२६०.

व्हायरस नव्हता. एकही फाईल वाढलेली नव्हती, कमी झालेली नव्हती. चारही आकडे खरे होते. फक्त ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, आणि खालीवर छापलेले असल्यामुळे आपण ते एकाच प्रश्नाचं उत्तर समजतो.

दिवाणजींना बेदाण्याचं उदाहरण दिलं, कारण त्यांचा सगळा दिवस त्यातच जातो. बेदाणा १५ किलोच्या बॉक्समध्ये भरतात. समजा एका शेतकऱ्याचा माल ४६ किलो आला. तीन बॉक्स भरले आणि एक किलो उरला. तो एक किलोसुद्धा चौथ्या बॉक्समध्येच जाणार. पट्टीवर वजन ४६ किलोच लिहिलं जाईल, कोल्ड स्टोरेजमध्ये थप्पी मात्र चार बॉक्सची लागेल. काट्यावरचं वजन म्हणजे साईज. थप्पीनं अडवलेली जागा म्हणजे साईज ऑन डिस्क. चौथ्या बॉक्सात १४ किलोची जागा रिकामी आहे, पण तिथं दुसऱ्या शेतकऱ्याचा माल भरता येत नाही. डिस्कवरही अगदी तसंच: एका फाईलच्या बॉक्सात उरलेल्या जागेत दुसरी फाईल बसत नाही.

डिस्कवरच्या या बॉक्सला क्लस्टर म्हणतात. फॉरमॅट करताना विंडोज जी खिडकी दाखवतं त्यात त्याचंच नाव 'अलोकेशन युनिट साईज' असं असतं. खरी मेख या बॉक्सच्या मापात आहे. संगणकाच्या आतली डिस्क सहसा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते आणि तिथं नेहमीचा बॉक्स ४ केबीचा. म्हणजे प्रत्येक फाईलमागे शेवटच्या बॉक्सात सरासरी २ केबी वाया. ४१,२६० फायली गुणिले २ केबी, झाले साधारण ८१ एमबी. ८१२ चे ८९३ होतात ते असे.

पेनड्राईव्ह ६४ जीबीचा होता. ३२ जीबीच्या वरचे पेनड्राईव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि तेवढ्या मापाला विंडोजचा ठरलेला बॉक्स १२८ केबीचा आहे. आमच्या पट्ट्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या स्कॅन, एकेक सरासरी २० केबीची. प्रत्येक चिमुकल्या पट्टीला १२८ केबीचा अख्खा बॉक्स. ४१,२६० गुणिले १२८ केबी करून बघा, ५.०३ जीबीच येतात. दिवाणजींनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः गुणाकार केला, १०२४नं दोनदा भागलं, आणि आकडा जुळल्यावर खुर्चीत टेकून बसले. हिशेबाच्या माणसाला हिशेबानंच पटतं.

हा फरक हाताने अनुभवायचा असेल तर नोटपॅड उघडून एकच अक्षर लिहा, 'क'. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एक साधं अक्षर ३ बाइट घेतं, म्हणून फाईलची साईज येते ३ बाइट. ती फाईल अशा पेनड्राईव्हवर टाकून प्रॉपर्टीज बघा: साईज ३ बाइट, साईज ऑन डिस्क १२८ केबी. एका 'क'साठी लाखावर बाइट अडले. तीच फाईल संगणकाच्या डिस्कवर असेल तर विंडोज १० किंवा ११ साईज ऑन डिस्क शून्य दाखवू शकतं, आणि ते पाहून पुन्हा गोंधळ होतो. तिथली गोष्ट अशी, की एनटीएफएस प्रत्येक फाईलची नोंद एका मोठ्या नोंदवहीत ठेवतं. फाईल काही शे बाइटांचीच असेल तर मजकूर त्या नोंदीतच लिहून टाकतं, वेगळा बॉक्स घेतच नाही. चिठ्ठी एवढी लहान की ती रजिस्टरच्या समासातच मावली.

आता कुठला आकडा कधी बघायचा? माझं मत यात पक्कं आहे.

कॉपी पूर्ण झाली का, दोन फोल्डर सारखे आहेत का, हा प्रश्न असेल तर साईज ऑन डिस्ककडे बघूच नका. तो आकडा डिस्क बदलली की बदलणारच. बघायचं ते साईजच्या पुढे कंसात लिहिलेल्या पूर्ण बाइटांकडे, आणि त्याच्या खालच्या 'कंटेन्स' ओळीतल्या फायलींच्या आणि फोल्डरांच्या संख्येकडे. ८१२ एमबी दोन्हीकडे दिसलं म्हणजे झालं असंही नाही. एमबीत दाखवताना आकडा तोडलेला असतो, त्यात २० केबीच्या दहा-पंधरा पट्ट्या राहून गेल्या तरी कळत नाही. आमच्या फोल्डरचे बाइट होते ८५,१७,३६,२०४. पेनड्राईव्हवरही हाच आकडा, शेवटच्या ४ पर्यंत. फायली ४१,२६०. तेव्हाच मी दिवाणजींना म्हटलं, सगळं आलंय.

यातही एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. वजन जुळलं म्हणून माल तोच असेल असं नसतं. फाईल बिघडली तरी तिचे बाइट तेवढेच राहू शकतात. म्हणून बॅकअप झाल्यावर मी पेनड्राईव्हवरच्याच पाच-सहा पट्ट्या उघडून बघते: एक सगळ्यात जुन्या सालातली, एक कालची, बाकी मधल्या. हा वेळ वाया जात नाही.

जागा पुरेल का, किंवा अमुक फोल्डर उडवला तर किती जागा मोकळी होईल, हा प्रश्न असेल तर उलट. तिथं साईज ऑन डिस्कच खरी. आणि ती ज्या डिस्कवर न्यायचंय त्या डिस्कच्या मापानं धरायची, आपल्या संगणकावरची नव्हे. दिवाणजींनी संगणकावरचे ८९३ एमबी पाहून 'पेनड्राईव्हवर एक जीबी मोकळा आहे, मावेल' असा हिशेब केला असता तर कॉपी मध्येच अडली असती.

गंमत म्हणजे दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला जुना ८ जीबीचा पेनड्राईव्ह या कामाला जास्त सोयीचा निघाला. तो फॅट३२ पद्धतीचा, त्याचा बॉक्स ४ केबीचा. तिथं हाच फोल्डर नऊशे एमबीच्या आसपास बसला. मोठा पेनड्राईव्ह म्हणून जास्त मावेल हे मोठ्या फायलींना खरं, बारक्या फायलींच्या ढिगाला नाही. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला ही अडचण कधी येत नाही. लग्नाचे २,४०० फोटो, एकेक ९ एमबीचा, म्हणजे २१ जीबी. प्रत्येकामागे सरासरी ६४ केबी वाया गेले तरी एकूण १५० एमबी. शंभरात एक टक्कासुद्धा नाही. त्याच्या दोन आकड्यांत फरक दिसतच नाही, म्हणून तो दोन्ही एकच समजतो आणि त्याचं काही बिघडतही नाही.

पट्ट्यांसारख्या ढिगाला माझा उपाय एकच: सगळ्या फोल्डरची एक झिप फाईल, म्हणजे सगळ्या फायली एकत्र बांधलेली एकच फाईल, करा आणि ती कॉपी करा. ४१ हजार बॉक्सांऐवजी एकच लांबलचक थप्पी, शेवटच्या एका बॉक्सात काय वाया जाईल तेवढंच. शिवाय कॉपीही भराभर होते. हजारो बारक्या फायलींत वेळ जातो तो एकेकीची नोंद करण्यात. एवढं लक्षात ठेवा की फॅट३२वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल बसत नाही, एक्सफॅटवर बसते. पेनड्राईव्ह लहान बॉक्स निवडून पुन्हा फॉरमॅट करता येतो, पण फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार. तेव्हा ते आधी, रिकाम्या पेनड्राईव्हवरच करा.

आता उलटा प्रकार, आणि मला जास्त धास्ती याची वाटते. साईज मोठी आणि साईज ऑन डिस्क अगदी कमी, कधी शून्य. फोल्डर कॉम्प्रेस केलेला असेल तर असं दिसतं, त्यात काही वाईट नाही. पण फोल्डर वनड्राईव्हमध्ये असेल तर हा आकडा नीट बघा. वनड्राईव्ह जागा वाचवायला फायली फक्त इंटरनेटवर ठेवतं आणि इथं त्यांची नावं दाखवतं. साईज ६ जीबी दिसते, साईज ऑन डिस्क शून्य. म्हणजे माल आपल्या गोदामात नाहीच, फक्त पावती आहे. पुरात आठवडाभर वीज आणि नेट गेलं तर ती पट्टी उघडणार नाही. फाईलशेजारी निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती इथं नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरेपर्यंत थांबा, मग पुन्हा प्रॉपर्टीज बघा. साईज ऑन डिस्क साईजच्या बरोबरीला आली की मगच बॅकअप घ्या.

मॅकवर 'गेट इन्फो'मध्ये हे दोन्ही आकडे एकाच ओळीत येतात, आधी बाइट आणि कंसात 'ऑन डिस्क'. लिनक्सवर 'डीयू' ही आज्ञा मुळात अडलेली जागा सांगते. खरं वजन हवं असेल तर तिला 'अपॅरंट साईज'चा पर्याय जोडावा लागतो. मॅक आणखी एका बाबतीत वेगळा: तो १००० बाइटांचा केबी धरतो, विंडोज १०२४चा. म्हणून १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते. दुकानदारानं फसवलेलं नसतं. मॅक आणि विंडोज यांच्यात तुलना करताना जीबी नको, बाइटच वाचा.

दिवाणजींनी जाता जाता विचारलं, "मग विंडोज फाईलींपुढे साईज लिहितं तशी फोल्डरपुढे का लिहीत नाही वो? एकेकाच्या प्रॉपर्टीज उघडत बसायचं?" प्रश्न रास्त आहे. फाईलीची साईज तिच्या नोंदीत लिहिलेली असते. फोल्डरची कुठंच लिहिलेली नसते, दर वेळी आतली प्रत्येक फाईल मोजून बेरीज करावी लागते. म्हणूनच प्रॉपर्टीज उघडल्यावर आकडा वाढत जाताना दिसतो. तो थांबेपर्यंत वाचू नका, ही चूक फार जण करतात. सगळ्या फोल्डरांची तुलना एकदम हवी असेल तर विनडरस्टॅट, ट्रीसाईज किंवा विझट्री यांपैकी एखादं सॉफ्टवेअर टाका. मी विझट्री वापरते. ते एनटीएफएसची नोंदवही थेट वाचतं, म्हणून भरलेली डिस्कही काही सेकंदांत मोजून होते. साईज आणि अडलेली जागा असे दोन वेगळे रकाने शेजारी शेजारी मिळतात, आणि ज्या फोल्डरच्या दोन रकान्यांत मोठी तफावत दिसेल तिथं बारक्या फायलींचा ढीग नाहीतर निळा ढग आहे हे न उघडताच कळतं.

विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला मात्र या आकड्यांवरून हात लावू नका. त्यात एकच फाईल दोन-दोन नावांनी नोंदलेली असते आणि साधी बेरीज तिला दोनदा मोजते. दिसतं त्याहून तो लहान असतो.

संध्याकाळी झिप करून पेनड्राईव्ह लखोट्यात घातला. दिवाणजींनी लखोट्यावर आधी तारीख लिहिली, खाली 'फायली ४१,२६०', त्याखाली 'बाइट ८५,१७,३६,२०४'. मग थोडं थांबून एमबीचा आकडा लिहायला गेले, आणि पेन उचलून तसाच लखोटा शेठच्या हातात दिला.