अक्राला जायचं तर आधी तिचा इतिहास वाचा

घानाची ट्रिप ठरवताना बहुतेक जण अक्राला, म्हणजे तिथल्या राजधानीला, फक्त विमानातून उतरायची जागा समजतात. एक रात्र हॉटेल, सकाळी गाडी, आणि थेट केप कोस्ट नि एल्मिनाचे किल्ले. ते किल्ले बघायलाच हवेत, एल्मिना तर पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे गोवा घ्यायच्या २८ वर्षं आधी, आणि गुलामांच्या व्यापाराचा इतिहास तिथे अंगावर येतो. पण अक्राला किमान दोन पूर्ण दिवस द्यायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. आज जो घाना देश आपण बघतो तो घडला मुख्यतः याच शहराच्या रस्त्यांवर, आणि त्यात भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूचा एक धागा आहे जो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

सुरुवात गा लोकांपासून करावी लागते. हा किनारा त्यांचा, अजूनही त्यांचाच, जेम्सटाउन, उशर टाउन, ओसू, ला, तेशी या सगळ्या मूळ गा वस्त्या. समुद्रावर मासेमारी आणि आतल्या भागातून येणाऱ्या सोन्याचा व्यापार, यावर त्यांचं चालायचं. युरोपियन आले ते त्या सोन्यासाठी. डचांनी १६४९ मध्ये क्रेव्हेकर किल्ला बांधला (आजचा उशर फोर्ट), डेन्मार्कवाल्यांनी १६६१ मध्ये ओसूला क्रिश्चियन्सबोर्ग बांधायला घेतला, इंग्रजांनी १६७३ मध्ये जेम्स फोर्ट. तीन वेगवेगळ्या देशांचे तीन किल्ले आणि सगळे जेमतेम पाचेक किलोमीटरच्या किनारपट्टीत, प्रत्येक किल्ल्याच्या आडोशाला एकेक वस्ती वाढलेली, आणि अक्रा म्हणजे या वस्त्या हळूहळू एकमेकींना चिकटून झालेलं शहर. जुन्या अक्रात फिरताना रस्ते असे वेडेवाकडे का आहेत, एका गल्लीत एक राजा आणि पुढच्या भागात दुसरा असं का आहे, ते यातून कळतं.

सोन्याच्या मागोमाग माणसांची खरेदी-विक्री सुरू झाली आणि मग तीच मुख्य झाली. या व्यवहारात बदल्यात काय दिलं जायचं? बंदुका, दारू, लोखंड, आणि फार मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानी सुती कापड, सुरतेचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं, शिवाय मालदीवच्या कवड्या. म्हणजे हिंदी महासागरातला माल युरोपात जाऊन तिथून आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर उतरत होता आणि त्याच्या बदल्यात माणसं जहाजात कोंबली जात होती. उशर फोर्टमधल्या संग्रहालयात जाल तेव्हा हे डोक्यात असू द्या, हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

क्रिश्चियन्सबोर्गची एक गोष्ट मात्र मला सगळ्यात भारी वाटते. १६९३ मध्ये असामेनी नावाच्या, अक्वामू या शेजारच्या राज्यातल्या व्यापाऱ्याने हा किल्ला चक्क काबीज केला. तो डॅनिश लोकांच्या रोजच्या ओळखीतला माणूस होता, त्यामुळे बंदुका विकत घ्यायला गिऱ्हाईक आणलंय असं सांगून तो आपली माणसं घेऊन आत गेला, बंदुका बघायला म्हणून हातात घेतल्या, कपड्यात लपवून आणलेला दारूगोळा भरला आणि किल्ला ताब्यात. साधारण वर्षभर तो तिथे राहिला, स्वतःचा झेंडा लावला, येणाऱ्या जहाजांशी स्वतःच व्यापार केला. शेवटी डॅनिश लोकांनी ५० मार्क सोनं मोजून किल्ला परत घेतला, पण चाव्या असामेनीने दिल्याच नाहीत, त्या आजही अक्वामू राजघराण्याच्या ठेव्यात आहेत. किल्ला बघायला गेलात तर गाइडला ही गोष्ट विचारा, तिथले लोक ती फार अभिमानाने सांगतात.

पुढे हा किल्ला डेन्मार्कने १८५० मध्ये १०,००० पौंडांना इंग्रजांना विकून टाकला. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८४५ मध्ये, त्याच डेन्मार्कने तमिळनाडूतलं तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) इंग्रजांना विकलं होतं. गुलामांच्या व्यापारावर बंदी आल्यावर या ठाण्यांत पैसा उरला नाही, हे त्यामागचं मोठं कारण. डचही १८७२ पर्यंत हा किनारा सोडून गेले, आणि १८७७ मध्ये इंग्रजांनी गोल्ड कोस्टची (घानाचं इंग्रजी अमलातलं नाव) राजधानी केप कोस्टहून अक्राला आणली. कारण हवा. अक्रा या किनाऱ्यावरचा कोरडा पट्टा आहे, पाऊस आजूबाजूपेक्षा बराच कमी, घोडे जगायचे, रोगराई कमी. आज ट्रिप ठरवतानाही याच हवामानाचा फायदा होतो.

पण राजधानी झाली तरी बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि जेम्सटाउनच्या किनाऱ्यावरून लाकडी होड्या लाटा फोडत तिथपर्यंत जायच्या, वल्हवणारे एका लयीत वल्ही मारताहेत आणि होडीत कोकोची पोती. माल असाच यायचा-जायचा, माणसंसुद्धा. कोकोचं म्हणाल तर तेत्ते क्वार्शी नावाच्या गा लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणून मांपाँगला लावल्या, आणि १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोको निर्यातीत जगात पहिला. विमानतळाजवळच्या मोठ्या चौकाला त्याचंच नाव आहे, तुमची टॅक्सी तिथे ट्रॅफिकमध्ये अडकणारच, तेव्हा आठवा. होड्यांचं हे काम १९६२ मध्ये तेमाचं बंदर सुरू झाल्यावर संपलं, आणि जेम्सटाउनची कमाईही तिथेच आटली. आज ही वस्ती गरीब दिसते त्यामागे हे आहे. त्यात पुन्हा चीनच्या मदतीने नवं मासेमारी बंदर करायला २०२० मध्ये किनाऱ्यावरची जुनी कोळी वस्ती पाडली गेली. म्हणून दीपस्तंभाजवळ उभं राहून नुसते रंगीत होड्यांचे फोटो काढून निघू नका, स्थानिक गाइड घ्या, त्याचे पैसे त्याच वस्तीत राहतात.

जेम्सटाउनच्या शेजारीच ब्राझील हाउस आहे. १८३६ च्या सुमारास ब्राझीलमधून गुलामीतून सुटलेली काही आफ्रिकन कुटुंबं अक्राला परतली, गा राजांनी त्यांना जमीन दिली, ते ताबोम म्हणून ओळखले जातात. शिंपीकाम, विहिरी खणणं, शेतीची नवी पिकं, असं बरंच त्यांनी आणलं, त्यांचं शिवणकामाचं सिझर्स हाउस १८५४ पासूनचं. समुद्र ओलांडून नेलेली माणसं परत आली आणि त्यांना जागा मिळाली, हे बघायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

आता तो ब्रह्मदेशाचा धागा. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे हजारो सैनिक ८१व्या आणि ८२व्या पश्चिम आफ्रिकन डिव्हिजनमधून आराकानात, कलादान खोऱ्यात जपान्यांशी लढले, त्याच १४व्या सैन्यात ज्यात आपले जवान होते. युद्ध संपलं, घरी आले, तर कबूल केलेली पेन्शन आणि नोकऱ्या मिळेनात, आणि बाजारात महागाई. भारत स्वतंत्र झालेला त्यांना दिसत होता. २८ फेब्रुवारी १९४८ ला हे माजी सैनिक नि:शस्त्र मोर्चा घेऊन गव्हर्नरला अर्ज द्यायला क्रिश्चियन्सबोर्ग किल्ल्याकडे निघाले. चौकात पोलिसांनी अडवलं आणि गोरा पोलीस अधिकारी इमरे याने गोळ्या झाडल्या. सार्जंट अ‍ॅजेटे, कॉर्पोरल अ‍ॅटिपो, प्रायव्हेट ओडार्टी लॅम्प्टी, तिघे जागीच गेले. त्याच दिवशी युरोपियन मालावरचा बहिष्कार मागे घेतलेला, लोक दुकानांत गेले तर भाव उतरलेले नाहीत, आणि ही बातमी येऊन धडकली. शहर पेटलं. सरकारने सहा पुढाऱ्यांना पकडलं, ते पुढे बिग सिक्स म्हणून ओळखले गेले, घानाच्या सेडी नोटांवर जे सहा चेहरे दिसतात ते हेच. विमानतळावर पैसे बदलाल तेव्हा नोट नीट बघा. ब्लॅक स्टार स्क्वेअरला तर सगळेच जातात कमानीचा फोटो काढायला, पण त्या तिघांचं स्मारक तिथून जवळच आहे, तिथेही थांबा.

सहांपैकी एक क्वामे एन्क्रुमा, घानाचे पुढचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पुन्हा तुरुंगात गेले, जेम्स फोर्टमध्येच, आणि आतून निवडणूक लढवून अक्रामधून निवडून आले, १२ फेब्रुवारी १९५१ ला थेट तुरुंगातून सुटून सरकार चालवायला गेले. हा किल्ला २००८ पर्यंत तुरुंगच होता. सुटकेनंतर सहा वर्षांनी, ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री, जुन्या पोलो ग्राउंडवर त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अक्रात हजर होते. आज तिथेच एन्क्रुमांची समाधी आणि स्मारक आहे. तिथे डोकं नसलेला एक पुतळा दिसेल, त्यांची सत्ता उलथवणाऱ्या १९६६ च्या लष्करी बंडात जमावाने फोडलेला, तुटलेलं डोकं नंतर सापडलं आणि शेजारी वेगळं ठेवलंय. दुरुस्त करून चकाचक न करता तसाच ठेवला हे फार बरं केलं. एन्क्रुमा १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले, आधी त्यांना गिनीत पुरलं, मग त्यांच्या जन्मगावी, आणि १९९२ मध्ये शेवटी इथे. वेळ असेल तर डु बॉइस यांचं घरही बघा, हा अमेरिकन विचारवंत एन्क्रुमांच्या बोलावण्यावरून १९६१ मध्ये इथे आला आणि १९६३ मध्ये इथेच वारला.

स्वातंत्र्यानंतरही राज्यकारभार बरीच वर्षं त्याच क्रिश्चियन्सबोर्गमधून चालला. नंतर ज्युबिली हाउस आलं, भारताच्या कर्जातून आणि मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलेलं, २००८ मध्ये उद्घाटन झालं. बाहेरून दिसतं, आत सोडत नाहीत. अक्राच्या ओडोर्कोर भागात आफ्रिकन हिंदू मठ आहे, घानाच्याच स्वामी घनानंद सरस्वतींनी सुरू केलेला, आणि तिथले घानाई भाविक गणपती बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. भाद्रपदात जाणार असाल तर चौकशी करा.

तारखा ठरवताना गा लोकांचं कॅलेंडर बघाच. होमोवो हा त्यांचा मोठा सण, फार पूर्वीच्या दुष्काळावर मात केल्याची आठवण, साधारण ऑगस्टमध्ये, मक्याचं क्पोक्पोई करतात आणि प्रमुख मंडळी ते रस्त्यांवर शिंपडत जातात. त्याआधी मे-जूनच्या सुमारास महिनाभर शहरात ढोल आणि मोठ्या आवाजाला बंदी असते, कारण पेरलेलं शांतपणे उगवू द्यायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी चर्चमधल्या ड्रम्सवरून यावर मारामाऱ्यासुद्धा झाल्यात. म्हणजे लाइव्ह म्युझिक ऐकायचं म्हणून जूनमध्ये गेलात तर हिरमोड होईल, शिवाय पाऊसही तेव्हाच जास्त. ऑगस्टमध्ये होमोवो आणि जेम्सटाउनचा २०११ पासून चालू असलेला चाले वोटे हा रस्त्यावरचा कलामहोत्सव, दोन्ही सहसा जवळपास येतात. डिसेंबर-जानेवारीत कोरडं असतं पण हर्मटानची (सहाराकडून येणारा कोरडा वारा) धूळ, आणि २०१९ च्या इयर ऑफ रिटर्ननंतर (व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन उतरवले त्याला ४०० वर्षं झाली म्हणून घानाने जगभरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांना बोलावलं होतं) डिसेंबरात हॉटेलं प्रचंड महाग झालीयत. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रावर घ्या, कार्ड घानात शिरताना लागतं आणि भारतात परतताना नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, तेव्हा ते पासपोर्टमध्येच ठेवा.