तारीचं सुकाणू

रायबंदरहून चोडणला जाताना मी फेरीबोटीत नेहमी सुकाणूवाल्याची केबिन दिसेल अशी उभी राहते. ओहोटी असली की मांडवीचं पाणी समुद्राकडे ओढत असतं. तेव्हा तो बोटीचं तोंड समोरच्या धक्क्यावर रोखत नाही, बरंच वरच्या अंगाला धरतो. बोट तिरकी सरकत जाते आणि नेमकी धक्क्याला लागते. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, हा माणूस भलतीकडेच निघालाय.

अशाच एका फेरीत भाचीने माझ्या हातात वही ठेवली. गावच्या जत्रेला त्यांचं मंडळ नाटक करणार आहे आणि ते ती स्वतः लिहितेय. नायिका ताऱ्यांमधून फिरणाऱ्या यानाचं सुकाणू धरते. तिचं नाव तारी. आमच्याकडे तारी म्हणजे होडीतून माणसांना पलीकडे नेणारा. भाचीने ते नाव बाईला दिलं हे मला फार आवडलं. पहिल्या अंकात युद्ध, दुसऱ्यात प्रेम, तिसऱ्यात मूल. "मावशी, तू फिजिक्स शिकवायचीस ना? चुका काढ," म्हणाली. निवृत्त शिक्षिकेला असं सांगू नये.

पहिली चूक पहिल्याच ओळीत सापडली: ‘तारी सुकाणू गर्रकन डावीकडे फिरवते. यान वळतं.’

बोटीचं सुकाणू म्हणजे पाण्यात उभी असलेली फळी. बोट पुढे जाताना पाणी तिच्यावर दाबतं, त्यामुळे बोटीचा मागचा भाग एकीकडे ढकलला जातो आणि तोंड दुसरीकडे वळतं. फळीजवळून पाणी वाहत नसेल तर सुकाणू कितीही फिरवा, काही होत नाही. अवकाशात तर दाबायला पाणी नाही आणि हवाही नाही. तिथे एक तर कडेच्या बारीक नळ्यांतून वायू फेकायचा, नाहीतर यानाच्या पोटातलं जड चाक फिरवायचं. चाक एका दिशेने फिरलं की यान उलट दिशेने फिरतं. हबल दुर्बीण १९९० पासून अशाच चाकांच्या जोरावर या ताऱ्याकडून त्या ताऱ्याकडे मान वळवतेय.

पण मान वळली म्हणून वाट वळत नाही. जुलै २००५ मध्ये नासाच्या अंतराळवीर आयलीन कॉलिन्स यांनी डिस्कव्हरी हे शटल, म्हणजे अवकाशात ये-जा करणारं यान, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सुमारे १८० मीटर खाली आणलं आणि त्याला सावकाश अख्खी कोलांटी मारायला लावली. अडीच वर्षांपूर्वी पंखाच्या कवचाला भोक पडल्यामुळे कोलंबिया शटल परतताना नष्ट झालं होतं. त्यामुळे स्थानकावरच्या मंडळींना डिस्कव्हरीच्या पोटाचे फोटो काढून बघायचे होते. नाक वर, मग मागे, मग खाली. आणि एवढा सगळा वेळ यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आपल्या त्याच कक्षेत चाललेलं. फेरीबोटीने मांडवीच्या मध्यात अशी गिरकी घेतली असती तर आम्ही सगळे मिठागरात उतरलो असतो.

वाट बदलायची तर इंजिन पेटवावं लागतं, आणि तेव्हाही यान आपल्या अंदाजाप्रमाणे वागेल असं नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातले जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या सुटून पुढे गेलेल्या भागाजवळ जायला निघाले. त्यांनी त्या भागाकडे तोंड केलं आणि जोर लावला. तो भाग जवळ यायचा तो लांबच जात राहिला, आणि शेवटी इंधन संपेल म्हणून नाद सोडावा लागला. पृथ्वीभोवती फिरताना वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं, आणि मोठ्या कक्षेत फेरी पुरी व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणजे पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करायचा, खाली उतरायचं, आतल्या छोट्या वाटेने पुढे सरकायचं आणि नेमक्या क्षणी वर यायचं. फेरीबोटीच्या सुकाणूवाल्याचं ते वरच्या अंगाला तोंड धरणं याच जातीचं आहे. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत ३० डिसेंबर २०२४ ला सुटलेले दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ ला एकमेकांना जोडले गेले. अडीच आठवडे लागले, आणि त्यात मला तरी उशीर वाटला नाही.

वहीच्या समासात मी लिहिलं: तारीच्या हातात चाक नको, घड्याळ दे. इंजिन केव्हा पेटवायचं आणि किती सेकंद, हेच तिचं सुकाणू.

आणि पेटवताना तोंड कुठे आहे हे पाहायला विसरू नकोस, हेही लिहिलं. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा विसरल्या नाहीत म्हणून वाचल्या. १६ जून १९६३ रोजी व्होस्टोक ६ मधून अवकाशात गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. खाली उतरायचं तर यानाचं इंजिन वेगाच्या विरुद्ध रोखून पेटवावं लागतं. त्यांच्या यानाच्या स्वयंचलित यंत्रणेत दिशा उलटी भरली होती. तसंच पेटलं असतं तर वेग कमी होण्याऐवजी वाढला असता आणि यान आणखी वर गेलं असतं. त्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी खाली कळवलं, दुरुस्ती झाली. ४८ फेऱ्या मारून त्या पृथ्वीवर आल्या आणि या चुकीबद्दल कित्येक दशकं गप्प राहिल्या.

भाचीचे तिन्ही अंक या एका बाईच्या आयुष्यात आहेत. त्या दोन वर्षांच्या होत्या तेव्हा वडील फिनलंडविरुद्धच्या युद्धात मारले गेले. पुढे त्या कापड गिरणीत कामाला होत्या आणि छंद म्हणून पॅराशूटने उड्या मारत. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी आंद्रियान निकोलायेव यांच्याशी लग्न केलं; तेही अंतराळवीर. जून १९६४ मध्ये मुलगी झाली, येलेना. आई आणि बाप दोघंही अवकाशात जाऊन आलेलं जगातलं पहिलं मूल. डॉक्टरांचं तिच्यावर बारीक लक्ष होतं, पण मूल ठणठणीत निघालं. लग्न मात्र टिकलं नाही. त्याला विज्ञानाकडे उत्तर नाही.

युद्धाच्या अंकात भाचीने शत्रूचं यान ‘समोर दिसताच’ तारीला वळवलं होतं. अवकाशात समोर दिसतं ते शिळं असतं. शत्रू तीन लाख किलोमीटरवर असेल तर तारीला तो एका सेकंदापूर्वी होता तिथे दिसतो. त्याने लेझर सोडला तर किरण आणि किरण सुटल्याची बातमी एकदमच पोचतात, त्यामुळे बघून चुकवणं अशक्य. पण हीच अडचण त्यालाही आहे. त्याला दिसलेली तारी एका सेकंदापूर्वीची, आणि किरण यायला आणखी एक सेकंद. या दोन सेकंदांत तारीने यानाला अचानक धक्का दिला, समजा दगड खाली पडताना ज्या गतीने वेग घेतो त्या गतीने, तर यान जवळपास २० मीटर बाजूला सरकतं. अंतर दसपट केलं तर वेळ वीस सेकंद आणि सरकणं सुमारे दोन किलोमीटर. म्हणून युद्धात तिने शत्रूकडे बघत बसू नये. मुलं पत्ते पिसतात तसे लहान लहान धक्के कसेही, कुठल्याही क्रमाने देत राहावं. आणि हो, ‘धडाम’ हा आवाज खोडला. निर्वात पोकळीत आवाज जात नाही.

प्रेमाच्या अंकात प्रियकर पणजीत मांडवीकाठी बसून तारीशी फोनवर बोलतो. हा अंक लिहिताना भाचीच्या डोक्यात ‘तारिणी’ होती. दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली ही नौदलाची शिडाची नौका सप्टेंबर २०१७ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्यातून निघाली, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यातच परत आली. दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५, दोघीच होत्या: दिलना के. आणि रूपा ए. वाटेत त्या प्रशांत महासागरातल्या पॉइंट नेमोवरून गेल्या. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर. अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा ते ४०० किलोमीटरवर असतं, म्हणजे त्या जागी सगळ्यात जवळची माणसं अंतराळवीरच. एवढ्या लांबूनही उपग्रहामार्फत घरी बोलता येतं. चंद्रावरून बोललं तर आवाज पोचायला सव्वा सेकंद, मंगळावरून तीन ते बावीस मिनिटं. तारीचं यान सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापाशी, प्रॉक्सिमा सेंटॉरीपाशी, पोचलंय; अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. त्याने "जेवलीस का?" विचारलं तर उत्तर साडेआठ वर्षांनी येईल.

तिसरा अंक मला सगळ्यात अवघड गेला. भाचीला तारीचं बाळंतपण यानातच हवं होतं.

गर्भार बाईला आजवर कुणी अवकाशात पाठवलेलं नाही. नासात गरोदरपणी उड्डाणाला परवानगीच नाही. एक कारण किरणोत्सर्ग. स्थानकावर एका दिवसात साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून थोडा जास्त किरणोत्सर्ग अंगावर येतो. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्या बाईला दिवस गेले की पोटातल्या बाळासाठी बाकीच्या महिन्यांत मिळून एक मिलिसिव्हर्ट ही मर्यादा धरतात. स्थानकावर ती दोन दिवसांत संपेल. दुसरं कारण जास्त विचित्र आहे: वर कुठलं आणि खाली कुठलं, हे शरीर कधी शिकतं?

१९९१ मध्ये शटलमधून जेलीफिशची सुमारे अडीच हजार पिल्लं नेली होती. पावसाळ्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पाय ठेवायची भीती घालतात त्याच जातकुळीतली. जेलीफिशच्या कडेला बारीक खडे असलेल्या पिशव्या असतात. खडा ज्या बाजूला टेकतो ती बाजू खाली. आपल्या कानात आत हीच सोय आहे. अवकाशात वाढलेल्यांमध्ये हे खडे तयार झाले, पण पृथ्वीवर आणल्यावर त्यांतल्या अनेकांना नीट पोहता येईना, जणू घेरी आली होती. पुढे गाभण उंदरीण नेल्या. त्यांची पिल्लं इथे उतरल्यावर जन्मली, आणि त्यांना पाण्यात उताणं टाकलं तर पालथं व्हायला वेळ लागायचा. काही दिवसांत ती सुधारली. १९९४ मध्ये चार मेडाका माशांनी अवकाशात अंडी घातली आणि त्यातून तिथेच पिल्लं निघाली. उंदरांचे भ्रूण स्थानकावर पहिले चार दिवस व्यवस्थित वाढले. पोटात नऊ महिने आणि पुढे रांगणं, चालणं, याबद्दल हाती काही नाही. मी समासात ‘बाळंतपण गोव्यात’ असं लिहिलं. भाची नाराज झाली.

मग तिने विचारलं, मुलीला इथे ठेवून तारी गेली तर? मी म्हटलं, हे झालेलं आहे. ॲना फिशर नोव्हेंबर १९८४ मध्ये गेल्या तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची होती. कॉलिन्स १९९९ मध्ये शटलच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या, भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी तीन वर्षांची. कॅरन नायबर्ग यांनी २०१३ मध्ये स्थानकावर खाण्याच्या डब्यांच्या आतल्या कापडातून मुलासाठी डायनासोर शिवला. या सगळ्या आया परतल्या तेव्हा मूल तेवढंच मोठं झालं होतं जेवढ्या त्या. अगदी काटेकोर म्हणायचं तर स्थानकावर सहा महिने राहिलं की आईचं घड्याळ सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाने मागे पडतं.

तारीचं तसं नाही. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने ती प्रॉक्सिमाला जाऊन आली, वेग घ्यायचा आणि कमी करायचा वेळ हिशेबात धरला नाही, तर चोडणमध्ये १० वर्षं ७ महिने जातात. यानात ६ वर्षं ४ महिने. सहा वर्षांची ठेवून गेलेली मुलगी साडेसोळाची होऊन धक्क्यावर उभी असेल. ही कवीकल्पना वाटली तर मालीमच्या जेटीवरच्या कुठल्याही ट्रॉलरचा जीपीएस बघा. जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळं वेग आणि गुरुत्व यांच्यामुळे मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्त केली नाहीत तर एका दिवसात जागा काही किलोमीटरने चुकेल.

या वेगाला किती ऊर्जा लागते तेही काढून दाखवलं. एका किलोला सुमारे १७ अब्ज युनिट वीज. तारी, तिची खुर्ची आणि एक बॅग मिळून शंभर किलो धरली तर भारताची जवळपास वर्षभराची वीजनिर्मिती. यान वेगळं. भाची म्हणाली, "नाटकात बिल कोण भरतंय?"

परवा तिने नवी वही दाखवली. मुलगी साडेसोळाची झालीय, आईशी बोलत नाही, तारीपेक्षा उंच दिसते. तो प्रवेश वाचताना मी समासात काही लिहिलं नाही. युद्धात चाक गेलंय, घड्याळ आलंय. फक्त ‘धडाम’ पुन्हा होतं, तेही तीनदा.

"अगं, पोकळीत आवाज..."

"मावशी, जत्रेला रात्री एक वाजता नाटक सुरू होतं. मागच्या रांगेतल्यांना जागं कोण ठेवणार?"