सर्व्हरचं घड्याळ: बिलातली ती ओळ कशाची?

मेंटेनन्सच्या बिलात 'टाइम मॉनिटरिंग' बघून बरेच जण फोन करतात, अहो सर्व्हर नेटवरनं आपोआप टाइम घेतो ना, मग त्यात बघायचं काय आणि पैसे कशाचे. रास्त प्रश्न आहे, म्हणून हा कागद.

घेतो, पण खरंच मिळतोय का ते बघावं लागतं. मदरबोर्डवरचा क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाख सेकंदांत २० सेकंदांनी जरी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला ५० च्या वर, आणि सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की त्याची चाल अजून बदलते. ही चूक एनटीपी (नेटवरनं वेळ जुळवायची पद्धत) सतत पुसत असतं.

आमच्या एका कस्टमरकडे अचानक ओटीपी ॲपचे कोड चालेनात, सगळे म्हणाले ॲप बिघडलं, दोघांनी तर मोबाईल रिसेट मारला. सर्व्हरवर क्रोनी (एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस हिरवी, 'रनिंग'. पण सोर्सेसची (म्हणजे ज्या टाइम सर्व्हरकडनं वेळ घेतो त्यांची) कमांड मारली तर रीचच्या कॉलममध्ये ३७७ पाहिजे (म्हणजे शेवटच्या आठही वेळा उत्तर आलं) तिथे शून्य! दीड महिन्यापूर्वी फायरवॉल बदललेला, त्यात यूडीपी १२३ पोर्ट (एनटीपीची ये-जा ज्यातून होते ती वाट) बंद राहिला, आणि घड्याळ सव्वा मिनिट पुढे. ते कोड घड्याळावरनंच बनतात आणि ३० सेकंदांचे असतात, मग कसे जुळणार.

म्हणून सर्व्हिस चालू आहे का एवढ्यावर आम्ही थांबत नाही. आम्ही ऑफसेट बघतो, म्हणजे खऱ्या वेळेपासून किती लांब, आणि शेवटचं सिंक (वेळ जुळणं) कधी झालं ते. ५० मिलिसेकंदाच्या वर गेलं की आम्हाला मेसेज येतो, अर्ध्या सेकंदाला आम्ही तुम्हाला फोन करतो. हे आकडे आम्ही ठरवलेत, तुमचं काम नाजूक असेल तर कमी करून देऊ. सोर्स चार लावतो, कारण दोनच लावले आणि त्यांचं पटलं नाही तर खरं कोण ते सर्व्हरला कळायला मार्गच नाही.

हे नुसतं आमचं खूळ नाही बरं का. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (सरकारचं कॉम्प्युटर खातं) किंवा दिल्लीच्या एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी (किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी) घड्याळं जुळवायला सांगितलंय, उद्या काही हॅक झालं आणि चार मशीनच्या लॉगमधे (कधी काय झालं त्या नोंदींत) चार वेगवेगळ्या वेळा असल्या तर आधी काय झालं तेच लागत नाही.

एक विनंती, घड्याळ पुढे गेलेलं दिसलं तर हाताने मागे घेऊ नका. एकदम मागे घेतलं की तीच मिनिटं परत येतात, आत्ताचं बिल मघाच्या बिलाच्या आधीचं दिसतं, अकाउंटवाल्या ताई वैतागतात. क्रोनी ते हळूहळू चाल कमी करून आणतो, तेच बरं. आणि फायरवॉलवाला आला की आधी आम्हाला एक व्हॉट्सॲप टाका, १२३ उघडा ठेवलाय का तेवढं त्याच्यासमोरच बघून घेतो.