मशीन खाली, आकडे वर

कारखान्यात क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दूरचे सर्व्हर, आला म्हणजे मशीन इंटरनेटवरून चालू लागली, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात मशीन चालवण्याचं काम शॉप फ्लोअरवरच राहिलं आणि तिने काय केलं याची नोंद तेवढी वर गेली. ही वाटणी कशी झाली, हे कळायला १९६८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक विभाग रिलेच्या, म्हणजे तारांनी जोडलेल्या विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलांना वैतागला होता. मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसायचं, बिघाड झाला की एकेक तार तपासत बसायचं. त्यांच्या गरजेतून डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, बनवला. आता तारांऐवजी प्रोग्रॅम बदलला की झालं. पीएलसी आजही तेच करतो: सेन्सर वाचतो, लॉजिक सोडवतो, आउटपुट देतो आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रेसखाली कुणाचा हात गेला, तर थांबण्याचा हुकूम जवळच्या पॅनेलमधूनच सुटायला हवा, दूरच्या सर्व्हरला विचारत बसायला तिथे वेळ नसतो. क्लाउडची हद्द इथेच ठरून गेली होती.

मात्र पीएलसीला जे कळायचं ते पॅनेलबाहेर फारसं जात नसे. शिफ्ट संपताना सुपरवायझर रजिस्टरमध्ये जॉब किती झाले, रिजेक्शन किती, ब्रेकडाऊन किती वेळ, हे लिहायचा. दोन-तीन मिनिटांचे थांबे त्यात यायचेच नाहीत, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच दडलेलं असतं.

त्यावर उपयोगी पडलेली गोष्ट जन्मली तेलाच्या पाइपलाइनवर. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी ‘एमक्यूटीटी’ हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी संदेश कसे पाठवायचे याचे नियम, रचला. ओसाड भागातल्या उपकरणांचे आकडे उपग्रहामार्फत यायचे, बँडविड्थ तुटपुंजी आणि महाग. म्हणून संदेशाच्या सुरुवातीचा ठरावीक भाग, म्हणजे हेडर, कमीत कमी अवघ्या दोन बाइटचा ठेवला. त्यातली एक सोय मला फार आवडते. उपकरण जोडणी करतानाच आपलं ‘मृत्युपत्र’ ब्रोकरकडे, म्हणजे संदेश पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, ठेवतं, आणि अचानक संपर्क तुटला की ब्रोकर ते ऐकू इच्छिणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवतो. मशीन गप्प झाली हीसुद्धा बातमीच आहे, हे त्या दोघांनी किती आधी ओळखलं होतं!

आकडे वर ठेवायला जागाही तयार होत गेली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवण आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०११ च्या हॅनोव्हर मेळ्यात इंटरनेटशी जोडलेल्या कारखान्यांसाठी ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव पुढे आलं. २०१५ मध्ये जीईने (जनरल इलेक्ट्रिक) कारखान्यांच्या आकड्यांसाठी प्रेडिक्स क्लाउड जाहीर केला, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा क्लाउड पुण्यातल्या डेटा सेंटरमधून मिळू लागला. २०१९ मध्ये फोक्सवॅगनने आपल्या १२२ कारखान्यांचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर एकत्र आणायचं ठरवलं.

‘नेटला जोडलंच नाही तर धोका नाही’ ही समजूत मधल्या काळात, २०१० मध्ये, स्टक्सनेट या संगणक-व्हायरसने मोडली. इराणमध्ये नतांझच्या अणुकेंद्रातल्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजपर्यंत तो बाहेरच्या नेटपासून तोडलेल्या यंत्रणेतही पोहोचला होता.

मशीन थेट नेटला न जोडता आकडे वर नेण्यासाठी आज पीएलसी आणि क्लाउड यांच्यामध्ये ‘एज’ नावाचा छोटा संगणक बसवतात. तो आकडे गाळतो, गरजेचे तेवढेच पुढे धाडतो. नेट गेलं तरी लाइन थांबत नाही. आकडे एजमध्ये साचत राहतात आणि जोडणी परतली की ज्याच्या त्याच्या वेळेच्या शिक्क्यासह वर जातात.