साधा ब्रश की इलेक्ट्रिक? आधी बघा, सुटतंय काय

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की एक बुळबुळीत थर जाणवतो. हा प्लाक. रात्रीच्या जेवणाचे कण राहिले असतील असं आपल्याला वाटतं, पण तो थर जिवंत असतो. नाना जातींचे जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात रुतून तिथे वस्ती करतात. १६८३ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हनहुकने आपल्याच दातांमधला पांढरट लगदा खरवडून भिंगातून पाहिला, तेव्हा त्याला वळवळणारे जीव दिसले होते. नुसती चूळ भरून हा थर सुटत नाही, तो घासूनच काढावा लागतो. ब्रश साधा असो की इलेक्ट्रिक, त्याचं मुख्य काम हेच.

प्लाक राहिला तर काय होतं, हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्वच्छ दिसलं. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आपण दात घासणं थांबवत नाही, पण तोंडातला एखादा कोपरा रोज सुटत असेल, तर त्या कोपऱ्यापुरता हाच प्रयोग आपल्या तोंडात वर्षानुवर्षं चालू असतो.

हे कोपरे बहुतेकांचे सारखेच असतात. शेवटच्या दाढेची मागची बाजू, दात आणि हिरडी जिथे भेटतात ती कड आणि खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू. या शेवटच्या जागेकडे खास लक्ष द्यायला हवं. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट राहिलेल्या प्लाकमध्ये साचत जातं आणि त्याचा दगडासारखा टार्टर होतो. एकदा टार्टर झाला की कुठलाही ब्रश त्याला हलवू शकत नाही, तो डेंटिस्टकडूनच काढून घ्यावा लागतो.

इलेक्ट्रिक ब्रश जन्मला तोच हाताची उणीव भरून काढायला. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट नावाचा इलेक्ट्रिक ब्रश बनवला, तो ज्यांच्या हातांच्या हालचालींवर मर्यादा आहेत अशा रुग्णांचा विचार करून. आज मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात छोटं गोल डोकं मागेपुढे अर्धवट फिरतं. दुसरा सोनिक. त्याचे केस मिनिटाला ३१,००० च्या आसपास थरथरतात. या थरथरीने लाळ घुसळून केस पोचत नाहीत तिथलाही प्लाक निघतो, असं जाहिराती सांगतात. प्रयोगशाळेत तसा परिणाम दिसला आहे, पण तेवढ्यावर विसंबून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, सोडू नये.

मग फरक खरंच पडतो का? पडतो. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून जास्त काळ वापरल्यावर इलेक्ट्रिक ब्रशने साध्यापेक्षा प्लाक २१ टक्के कमी आढळला आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. दुसरा आकडा लहान आहे, हे नीट लक्षात घ्या. दात किडण्याबद्दल तर हा आढावा काहीच सांगत नाही. किडीपासून वाचवण्यात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडचा वाटा मोठा, आणि ते दोन्ही ब्रशांवर सारखंच लागतं.

माझ्या मते या फायद्याचा बराच भाग दोन साध्या सोयींतून येतो. एक म्हणजे टायमर. दोन मिनिटं हातातल्या घड्याळाने मोजून पाहा, ती किती लांब असतात हे कळतं. दुसरी सोय, जोर लावला की दिवा लावून किंवा गती कमी करून सावध करणारा सेन्सर. जोरात घासलं की जास्त स्वच्छ होतं, ही समजूत हिरड्यांना महागात पडते. हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमलचं कठीण कवच नसतं, त्यामुळे ते झिजतं आणि गार पाण्याने कळ येते.

संधिवाताने बोटं आखडलेली, हात थरथरणारे, दुसऱ्याचे दात घासून देणारे, यांनी इलेक्ट्रिक ब्रश जरूर घ्यावा. इतरांनी आधी एक परीक्षा करावी. प्लाकला रंग देणाऱ्या गोळ्या मिळतात. नेहमीसारखे दात घासा, मग गोळी चावा, चूळ भरा आणि आरशात बघा. रंग जवळपास कुठेच नसेल, तर तुमचा हात तयार आहे. मऊ केसांचा साधा ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून तसाच चालू ठेवा. रंग सगळीकडे थोडा थोडा असेल किंवा हिरडीच्या कडेने रेघ दिसत असेल, तर इलेक्ट्रिक ब्रशचा उपयोग होईल. फक्त दातांच्या फटींत असेल, तर पैसे फ्लॉसवर किंवा फटींच्या छोट्या ब्रशवर घाला.

इलेक्ट्रिक घेतलात तर घासायची सवय मात्र सोडावी लागते. ब्रश हिरडीच्या कडेला हलकेच टेकवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पुढच्या दाताकडे सरकवायचं. हाताने पुन्हा खसाखसा घासलं, तर यंत्राची हालचाल फुकट जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा एक गोळी चावा, आणि पटाशीच्या दातांची आतली बाजू आधी बघा.